वाफोबाची खोळ

सिदू : बूट काढा आधी, मॅडम. मंगच त्याला हात लावा.

अक्षदा : हे कारखान्यात घालायचे बूट आहेत, मामा. बोटांवर लोखंडाची टोपी आहे. तपासणी करताना हे काढायचेच नाहीत.

सिदू : तुमचं तुमच्यापाशी. म्या अकरा वर्सं ह्या कढईवर हाय, अनवाणीच.

अक्षदा : उकळतं दूध, वाफेचे पाइप, आणि अनवाणी?

सिदू : देवाम्होरं माणसानं आनि कसं ऱ्हावं?

अक्षदा : देव कुठंय?

सिदू : तुमच्या नाकाम्होरं. त्यो लाल गोळा.

अक्षदा : हा? मी तासभर सेफ्टी वॉल्व शोधतेय. नेमका ह्याच जागी असायला हवा होता. ह्याच्या आतच आहे ना तो?

सिदू : आत वाफोबा हाय.

अक्षदा : कोण?

सिदू : वाफोबा. म्हसोबा, खंडोबा, तसा आमचा वाफोबा. नाव माज्या बायकूनं ठिवलं, इरम्मानं. ती कढईत दूध हलवती, म्या वाफ सांभाळतो. खंडेनवमीला समदे आपापल्या हत्यारांची पूजा करत्यात का न्हाय? तसा आमी ह्याला शेंदूर चढवतो. परवा बारावा चढंल. ह्ये बघा, तेलात कालवून ठिवलाय.

अक्षदा : म्हणजे आत्ता अकरा थर आहेत.

सिदू : अकरा. पातळ लावला की वाफेनं वघळतो, म्हणून जाडच लावतो.

अक्षदा : आणि सुरू कशावरून झालं हे?

सिदू : पहिल्या साली ह्यो लई कोपायचा. मशीन नवी व्हती. दूध आटाया लागलं की हा फुस्सदिशी वाफ सोडायचा, बैल फुरफुरल्यावानी. बाया पळायच्या. एकदा तर इरम्माच्या हातातलं उलथनंच दुधात पडलं. मंग खंडेनवमी आली. नारळ फोडला, शेंदूर लावला, दोघं पाया पडलो. त्या दिसापास्नं गप.

अक्षदा : त्याच आठवड्यात मशीनच्या कंपनीचा मिस्त्री आला होता का?

सिदू : आलता. त्येनं पलीकडल्या पाइपाची चावी पिळली, च्या पिला अन् गेला. त्येचं काय?

अक्षदा : काही नाही. आणि त्यानंतर वॉल्वनं एकदाही वाफ सोडली नाही?

सिदू : एकदा बी न्हाय. देव शांत झाला.

अक्षदा : मामा, राग मानू नका. देव शांत नाही झाला. त्याचं तोंड बुजलंय.

सिदू : बाई, तुमी शिकलेल्या हायसा. पर दुसऱ्याच्या देवाला आसं बोलू नये. हे आले बघा मालक. रणधीरदादा, तुमीच सांगा ह्यास्नी.

रणधीर : काय झालं सिदूमामा? नमस्कार मॅडम. मीच रणधीर. गिरिजा खवा आपलाच, आईच्या नावानं. तुम्ही म्हणलात म्हणून सकाळपासून कढई थंड ठेवलीय. झालं का तुमचं? दसऱ्याची ऑर्डर हाय, धाराशिवच्या चार मिठाईवाल्यांची. पाचला दूध दारात येतंय. सही करा, पेढा खावा, लोहाऱ्यापर्यंत माझी गाडी सोडती तुम्हाला.

अक्षदा : सही होणार नाही.

रणधीर : का?

अक्षदा : सेफ्टी वॉल्व शेंदरात पुरलाय.

रणधीर : अहो, म्हाताऱ्या माणसाची श्रद्धा हाय ती. आणि बॉयलर तर बॉयलरवाल्या साहेबांनी श्रावणातच पास केलाय. ही निस्ती कढई. कढईला कसली आली परीक्षा?

अक्षदा : ह्या कढईला दोन पदर आहेत. वरच्या पदरात दूध, ते उघडं. पण वरच्या आणि खालच्या पदराच्या मधे वाफ कोंडलेली. जिथं वाफ कोंडली तिथं कायदा आला, मग त्याला तुम्ही कढई म्हणा, घागर म्हणा. दर सहा महिन्यांनी बाहेरून बघायचं, वर्षाला आतून, आणि ठरल्या मुदतीनं पाण्याचा दाब देऊन. बॉयलरची परीक्षा वेगळी, हिची वेगळी. थोरली पास झाली म्हणून धाकटीला कुणी पुढच्या वर्गात बसवत नाही.

रणधीर : मग हे काय? मागल्या सालचं सर्टिफिकेट. वाचा. "सेफ्टी वॉल्व तपासला, चालू स्थितीत आहे." खाली सही कुणाची? तुमच्याच ऑफिसची. तुमच्याच सरांची.

अक्षदा : वाचलंय. तेच वाचून आलेय.

रणधीर : मग ती सही खोटी का?

अक्षदा : हो.

रणधीर : लावू का सरांना फोन?

अक्षदा : लावा, आणि स्पीकरवर लावा. मलाही ऐकायचंय. त्यांना एवढंच विचारा, हा वॉल्व कढईच्या कुठल्या बाजूला आहे. ते इथं कधी आलेच नाहीत. तुम्ही मोबाइलवर फोटो पाठवला, त्यांनी धाराशिवला पंख्याखाली बसून सही केली. त्या फोटोतसुद्धा हा लाल गोळा दिसतो. मी फाइल लावताना बघितला, म्हणून आले.

रणधीर : अशानं नोकरी जाईल तुमची.

अक्षदा : जाऊ दे. इरम्माबाईंकडून खवा करायला शिकेन.

सिदू : जमायचं न्हाय तुमाला. तासाभरात खांदे भरून येत्यात.

रणधीर : मामा, तुम्ही कुणाकडून हाय?

सिदू : म्या वाफोबाकडून.

अक्षदा : मग वाफोबाची शपथ घेऊन सांगा, मामा. हा दाबाचा काटा लाल रेघेच्या वर कधी जातो का?

रणधीर : कधीच जात नाय.

अक्षदा : मी मामांना विचारलं.

सिदू : कवा कवा जातो.

रणधीर : मामा.

सिदू : जातो, मालक. तुमी नसता तवा. श्रावणात एकदा पाचावर गेलता. म्या त्या पलीकडल्या चावीला पान्याचे दोन टोले दिले, उतरला.

रणधीर : मला का सांगितलं न्हाय?

सिदू : उतरला की. काय सांगायचं?

अक्षदा : आता दोघंही ऐका. बॉयलरमधून वाफ निघते सात किलोच्या दाबानं. ह्या कढईला सोसतो साडेतीन. हे मी मनानं सांगत नाही, ऑइलपेंटच्या खाली कढईची पाटी आहे, मघाशी खरवडून वाचली. मधली ती चावी दाब कमी करते. ती अडकली, की सातची वाफ सरळ कढईत. तशा वेळी वाचवणारा एकच, हा वॉल्व. साडेतीनच्या वर गेलं की ह्यानं तोंड उघडून वाफ बाहेर टाकायची. पहिल्या वर्षी तो तेच करत होता. कोपत नव्हता, राखत होता. मिस्त्रीनं चावी नीट बसवली म्हणून त्याला बोलायची गरज उरली नाही. श्रावणात पुन्हा गरज पडली, तेव्हा तोंड लिंपलेलं होतं. आपणच लिंपलेलं.

सिदू : आपण न्हाय. म्या.

रणधीर : पण फुटली तर नाय ना श्रावणात?

अक्षदा : पाचावर नाही फुटली. बनवणारा थोडी जास्त ताकद ठेवतो, तेवढ्यावर निभावलं. सहावर काय होतं ते बघायला आपण तिघं इथं असू, असं नाही. कढईपाशी रोज कोण कोण असतं?

सिदू : इरम्मा. दोन हातावर. आनि दोगी बाया आलटून पालटून. सकाळच्या पारी आईसाब.

अक्षदा : आईसाब?

सिदू : गिरिजाबाई. मालकाच्या आई. पहिला खवा चाखल्याबिगर त्या माल बाहीर जाऊ देत न्हाईत. हितंच स्टूल टाकून बसत्यात.

रणधीर : कुठं टाकतात स्टूल, मामा?

सिदू : तुमी उभं हायसा तिथंच.

रणधीर : वॉल्व काढा, मॅडम.

अक्षदा : पाना आहे माझ्याकडं. पण आधी हा शेंदूर फोडावा लागेल. नटच दिसत नाहीत.

सिदू : छिन्नी लावायची न्हाय. माझ्या डोळ्यादेखत न्हाय.

रणधीर : मामा, ऐकलं न्हाय का तुम्ही? इरम्मामामी उभी असती तिथं.

सिदू : ऐकलं. समदं ऐकलं. पर देवावर हत्यार कसं उचलू? अकरा वर्सं ज्याच्या पाया पडलो त्याला फोडू? वाईच दम खावा. मला इचार करू द्या.

अक्षदा : करा. मला घाई नाही.

सिदू : मॅडम, ह्ये तुमचे नियम लिवतं कोन?

अक्षदा : माझ्यासारखेच लोक. पण आपणहून नाही लिहीत. आधी कुठंतरी असं भांडं फुटतं, माणसं जातात, मग पुस्तकात एक ओळ वाढते.

सिदू : म्हंजे मागनं येतो नियम.

अक्षदा : मागूनच येतो.

सिदू : म्या सास्तूरचा. भूकंपानंतर नवी घरं बांधली तवा दारावरनं सगळीकडनं शिमिटाचा पट्टा फिरिवला, कोपऱ्यात सळया घातल्या. माझा चुलता भांडला इंजिनेराशी, फुकाट सळई घालतो म्हणून. त्या इंजिनेरानं निस्तं पडलेल्या जुन्या गावाकडं बोट केलं.

अक्षदा : मग?

सिदू : चुलता घमेलं घेऊन लागला कामाला. रणधीरदादा, देवाला शेंदूर लई झाला की काय हुतं ठावं हाय का तुमाला?

रणधीर : काय होतं?

सिदू : खोळ पडती. पिढ्या न् पिढ्याचा शेंदूर सालीसारखा आपसूक निघतो, आतली मूर्ती मोकळी हुती. लोक म्हंत्यात, देवानं खोळ टाकली. चांगलं असतंय ते. गावजेवण घालत्यात.

रणधीर : पण ती आपसूक पडती ना?

सिदू : आपसूक पडाया शंभर वर्सं लागत्यात. वाफोबाला तेवढा येळ न्हाय. आना ती छिन्नी. तुमी नगा, मॅडम. म्याच काढतो. माझ्या हातानं चढलीय.

अक्षदा : हळू. वॉल्वला मार बसू देऊ नका.

सिदू : मला शिकवू नगा, अकरा वर्सं... व्हय, हळूच. ह्ये बघा, सुटली. कवटीगत हाय की. मालक, धोतराचं फडकं द्या, खाली पडू द्यायची न्हाय. ही खोळ वाहत्या पाण्यात सोडावी लागती. माकणीच्या धरणात सोडून येतो.

अक्षदा : ते पाणी लोक पितात, मामा.

सिदू : आं? मंग?

अक्षदा : मागं लिंब आहे. त्याच्याखाली खोल पुरा.

सिदू : लिंबाखाली चालंल. लिंब बी देवाचाच.

रणधीर : हा निघाला वॉल्व. दिसतो तर चांगला. पुसून परत बसवला तर?

अक्षदा : दिसण्यावर जायचं नाही. हा माझा हातपंप, हा काटा. वॉल्व इथं जोडते. मामा, तुम्ही दांडा मारा, मी आकडे सांगते. साडेतीनला ह्यानं तोंड उघडून पाणी सोडायला हवं. मारा. एक. दोन. अडीच. तीन.

रणधीर : उघडंल आता.

अक्षदा : साडेतीन. मारा. चार.

सिदू : उघडंना की.

अक्षदा : मारा. साडेचार. पाच. हा तुमचा श्रावण.

रणधीर : मामा, जोर लावा जरा.

अक्षदा : सहा. साडेसहा. सात. थांबा.

सिदू : अजून बंद?

अक्षदा : थेंब नाही. बॉयलरची सगळी वाफ कढईत आली असती, तरी हा गप्पच बसला असता.

रणधीर : मॅडम, दूध डेअरीला वळवतो. मिठाईवाल्यांना मी सांगतो. कढई आजपासून बंद.

अक्षदा : मी तसं लिहूनच देते. नवा वॉल्व प्रमाणपत्रासकट आणा, ती मधली चावी बदला. उद्या कढईला पाण्याचा दाब देऊ, मग बघू.

रणधीर : पाण्याचं लांबण कशाला? पलीकडं पंक्चरवाल्याकडं कॉम्प्रेसर हाय. हवा मारू, पाच मिनिटात कळंल.

अक्षदा : पाण्यानं भरलेलं भांडं फुटलं तर आपले पाय भिजतील. दाबलेल्या हवेनं फुटलं तर काय होतं, ते त्या पंक्चरवाल्यालाच विचारा. ट्रकच्या टायरपुढं तो उभा राहतो का, तेही विचारा.

रणधीर : बाजूलाच बसतो तो. कधी लक्षात आलं न्हाय. पाणीच भरू.

अक्षदा : मामा, तुम्ही का खाली बसलात? पाणी देऊ का?

सिदू : इरम्मा लुगड्याच्या पदरानं ह्याला पुसायची, मॅडम. रोज सकाळी. पुसायची अन् म्हनायची, आमच्या दोगांवर ध्यान ठेव रं बाबा. आनि त्याचं तोंड म्या... तिला सांगू नगा.

अक्षदा : मी नाही सांगणार. तुम्हीच सांगा.

(दुसऱ्या दिवशी दुपारी, त्याच कढईपाशी. नवा वॉल्व बसला आहे. मघाचं पाणी जमिनीवरून अजून वाळलेलं नाही.)

रणधीर : सव्वापाच किलोवर अर्धा तास. काटा जागचा हलला न्हाय. मी घड्याळ धरून उभा होतो.

अक्षदा : सोसण्याच्या दीडपट दाब दिला. वेल्डिंगचे टाके धड आहेत, कुठं पाझर नाही, फुगवटा नाही. श्रावणातलं दुखणं अंगावर निघालं नाही, नशीब समजा. आता वाफ सोडायची. मामा, सांगितलं का घरी?

सिदू : सांगितलं.

अक्षदा : काय म्हणाल्या?

सिदू : म्हनली, तरीच त्यो माझं ऐकत नव्हता. आनि मला ताटाम्होरनं उठवलं.

रणधीर : जेवू दिलं न्हाय?

सिदू : दिलं, नंतर. भाकरीवर वाईच जास्तीचं लोणी बी घातलं. बाईचं काय कळत न्हाय. आज चुलीवर लोखंडी कढई चढवलीय तिनं, जुन्या पद्धतीनं. दोन मिठाईवाल्यांचं तरी भागंल म्हनती.

रणधीर : आणि मॅडम, सकाळी तुमच्या सरांचा फोन आलता. म्हणले, पोरगी जरा तापट हाय, सांभाळून घ्या. म्या म्हणलं, सर, तुमची मागल्या सालची सही घेऊन जावा, न्हायतर मी फ्रेम करून आईच्या स्टुलाच्या वर लावतो. कट केला त्यांनी.

अक्षदा : तुम्हीच तर फोटो पाठवला होता.

रणधीर : पाठवला होता. तेबी खरंय. मला वाटायचं, कागद असला की झालं.

अक्षदा : वाफ सोडा, मामा. सावकाश. आणि दोघंही ह्या बाजूला या, वॉल्वच्या तोंडासमोर नको. ही मधली चावी मी मुद्दाम थोडी वर घेतेय. दोन. अडीच.

रणधीर : हा तरी उघडंल ना?

अक्षदा : तीन. लातूरहून तपासून आलाय. तरी डोळ्यांनी बघायचं. सव्वातीन.

सिदू : मॅडम, बंद करू का?

अक्षदा : हात तिथंच ठेवा. साडेतीन.

रणधीर : आई गं.

अक्षदा : घाबरू नका, उघडलाय तो. सोडू दे त्याला. बघा, काटा उतरतोय. सव्वातीन. तीन. मिटला. मामा, वाफ बंद करा आता.

सिदू : त्योच आवाज.

अक्षदा : कुठला?

सिदू : पहिल्या सालचा. बैल फुरफुरल्यावानी. अकरा वर्सांनी ऐकला. त्या वक्ती म्या पळालो व्हतो, मॅडम. ह्याच दारातनं.

रणधीर : आज नाय पळालात.

सिदू : आज पाय हालंनात, म्हणून. तुमी बी कुठं पळालात? आईला हाक मारलीत निस्ती.

रणधीर : जाऊ द्या मामा, हसू नका. मॅडम, माझ्या छातीवरचा धोंडा उतरला बघा. आईला उद्या सांगतो, स्टूल टाक. आता तरी पेढा खाल का?

अक्षदा : आता खाते. दोन द्या. मामा, वॉल्ववरची ही कडी बघून ठेवा. महिन्याला एकदा वाफ चालू असताना ही दोरीनं लांबून ओढायची. त्यानं फुरफुर केली म्हणजे जिता आहे.

सिदू : तारखेचं माझ्या ध्यानात ऱ्हात न्हाय. पुनवंला ओढली तर?

अक्षदा : पुनवेला ओढा. चालेल.

सिदू : आनि उद्या खंडेनवमी हाय. शेंदूर कालवून ठिवलाय त्याचं काय करू? टाकून देता येत न्हाय.

अक्षदा : तुम्हीच सांगा.

सिदू : भितीला लावतो. ह्याच्या पल्याड, हातभर लांब. देव भितीवर बसंल, तोंड मोकळं ऱ्हाईल. चालतंय का तुमच्या पुस्तकात?

अक्षदा : पुस्तकात भिंतीबद्दल काही नाही. फक्त दुधावर उडू देऊ नका.

रणधीर : सर्टिफिकेट कवा मिळंल?

अक्षदा : हे घ्या, आत्ताच. आणि सहा महिन्यांनी फोटो पाठवू नका. मी येईन.

सिदू : वाईच थांबा, घरून फोन आलाय. हां, बोल इरम्मा. व्हय, झालं. बोलला त्यो. अगं व्हय, म्या हितंच व्हतो. न्हाय, कोपला न्हाय. सोडली अन् मिटला आपला आपण. काय? उद्या? ये की. काय भ्या न्हाय. तुजं उलथनं घासून ठिवलंय म्या. हां. ठिव.

अक्षदा : निघते मी, मामा. लोहाऱ्याची जीप चुकेल.

सिदू : सहा म्हैन्यांनी या. इरम्मा पेढे करून ठिवंल. आनि मॅडम...

अक्षदा : काय?

सिदू : बूट घालूनच या.